नितळ पाण्याची काकडी

खारबाव, ४ जानेवारी २०२५

भाविका,

मी हौसा. तुझ्या बापाची आई. ओळख आधीच सांगून ठेवते, नाहीतर पाकीट हातात धरून विचार करत बसशील, की ही कोण म्हातारी आणि हिचं माझ्याकडे काय काम. नाक बसकं, आवाज मोठा, दारातल्या बाकड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टोकणारी. आठवलं? नाही आठवलं तरी चालेल. लहानपणी काकडीचा कडू शेंडा चाटून तू तोंड माझ्या पदराला पुसायचीस. पदर माझा होता, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

मी बोलते, तुझी आई लिहिते. वैशाली माझ्या 'हाय'चं 'आहे' करते आणि 'न्हाय'चं 'नाही' करते. करू दे. बारावी झालेल्या बाईला तेवढं सुख पाहिजे. पण रागाचं एक अक्षर गाळायचं नाही, अशी तिला वज्राईची शपथ घातलीये.

फोन का नाही केला? फोन तू मधेच ठेवतेस. कागदपण ठेवून देता येतो, पण तोवर त्याच्यावरचं अर्धं पोटात गेलेलं असतं.

आता मुद्द्याचं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घरात सवाष्णी जेवायला. मी वाडीतून कोवळ्या काकड्या आणल्या, भेंडी आणली, मेघालीनं चिरली, तुझ्या आईनं फोडणी दिली. पंगत बसली, पानं वाढली, आणि परदेशातून पाहुणी म्हणून आलेली माझी नात उभी राहून म्हणाली, "ही भाजी खाऊ नका. आजीच्या वाडीला डाईंगचं पाणी लागतं."

केसरीनाथची कमळा भरल्या पानावरून उठली. हात धुतले आणि हळदीकुंकू न घेता गेली. तिच्या मागून बाकीच्या. लक्ष्मीच्या गुरुवारी सवाष्ण उपाशी गेली असं या घरात कधी झालं नव्हतं. तू केलंस, आणि दुसऱ्या दिवशी बॅग ओढत निघून गेलीस. मी ओसरीवर बसले होते. तू वाकलीस पण, पाया पडायला. मी पाय वर घेतले. बरं केलं.

डाईंगचं पाणी म्हणे! तुझ्या बापाच्या डाईंगवर, कापड रंगवायच्या त्याच कारखान्यावर, तू शिकलीस. आधी नाल्यात लाल, निळं, जांभळं पाणी जायचं तेव्हा लोक नावं ठेवायचे, ते मला मान्य आहे. पण रंग कालवणाऱ्या मास्टरनं टाकीत ती रंग उडवायची हायड्रोची पावडर टाकायला घेतली तेव्हापासून पाणी कसं निघतं ते तू बघितलंस का? मी बघितलंय. गुलाबी पाणी उभ्या उभ्या पांढरं पडतं. तळ दिसतो. मास्टर म्हणाला, "अम्मा, एकदम मिनरल वॉटर." आपली विहीर संक्रांतीनंतर खारी होते, वेल जळतात. म्हणून तेच पाणी मी पाइप टाकून वाडीला घेतलं. तुझा बाप रामनाथ "कशाला आये" म्हणाला होता, पण तो सगळ्यालाच "कशाला आये" म्हणतो. वास येतो थोडा. वास सुक्या बोंबलालापण येतो.

आणि बोलतंय कोण? तांदळाच्या डब्यात पाऱ्याची टिकडी ठेवली म्हणून शाळेत असताना घर डोक्यावर घेणारी. "आजी, पारा विषारी असतो!" आता प्रागच्या प्रयोगशाळेत जाऊन दिवसभर कशापुढे बसते? पाऱ्यापुढे.

मेघालीला मार्चमध्ये सातवा लागतो. तुझ्या सख्ख्या भावाची बायको आहे, प्रितमची, हेही सांगायला पाहिजे का? या घरात प्रत्येक सुनेचं डोहाळजेवण माझ्या वाडीतल्या भाजीनं झालंय. लिहिणारीचंपण. तेव्हा तू आपल्या हातानं लिहून पाठव की तू बोललीस ते खोटं होतं. मी ते त्याच बायकांना बोलवून वाचून घेईन. नाही पाठवलंस तर डोहाळजेवणाला माझ्या ताटाला कोणी शिवणार नाही, आणि मग तू या दारात येऊ नकोस.

आशीर्वाद देत नाही. राखून ठेवलेत.

हौसा
(शाई सांडली, म्हणून अंगठा हळदीत उठवलाय.)


खारबाव, २९ जानेवारी

भाविका,

आलं तुझं पत्र. मी माफी मागितली होती, तू शाळा पाठवलीस.

तुझ्या आईनं दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मला राग आला म्हणून कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं म्हणून राग आला.

तर मला जे समजलं ते सांगते, चुकलं तर तुझं सांगणं वाईट. काचेची नळी, भोक केसाएवढं. तिच्या टोकाला पाऱ्याचा थेंब लोंबतो, मोहरीएवढा. तो थेंब रंगाच्या पाण्यात बुडवायचा आणि त्याला वीज लावायची, पण एकदम नाही, चाळवत चाळवत. एका दाबाला रंग थेंबावरची वीज घेतो, तेव्हा तुझ्या पडद्यावर डोंगर उठतो. मग दाब उलटा फिरवायचा आणि बघायचं, की घेतलेलं तो परत करतो का. केलं तर रंग अजून शाबूत. नाही केलं तर मधला जोड तुटला. रंग गेला, आणि त्या जागी दोन तुकडे उरले. तुकड्यांना रंग नाही, म्हणून डोळ्यांना पाणी साफ दिसतं. आणि ते तुकडे मूळ रंगापेक्षा वाईट.

पाराच कशाला? तर तो पाण्याला लवकर फोडत नाही, म्हणून रंगाचं काय चाललंय ते नीट दिसतं. आणि थेंब खराब झाला की ठोकून पाडायचा, पुढचा थेंब कोराकरकरीत, आधीच्याचं त्याला काही माहीत नसतं. म्हटलं, बरोबर ठिकाणी गेली पोरगी. हिला असाच सोबती पाहिजे होता.

बापाच्या गोडाउनमधून लाल रंगाची पुडी उचलून नेलीस हेही तूच लिहिलंस. विचारून नेलीस? नाही. मी कधी तुझ्या प्रयोगशाळेत शिरून पारा उचलून आणला का?

आता माझं ऐक. रामनाथच्या टाकीत पारा नाही. काचेची नळी नाही. वीज आहे ती मोटारीला. मग तुझ्या थेंबावर जे होतं ते आमच्या टाकीत झालं हे तू तिकडे बसून कशावरून सांगतेस? गणपतीच्या आरतीत एक पोरगा बेसूर गायला म्हणून सगळा गाव बेसूर होतो का? हे मी वैशालीला म्हटलं, ती हसली नाही. तिला हल्ली कशाचं हसू येत नाही. तुझ्यामुळेच असणार.

राहनाळहून मेघालीची आई बायजाबाई आली होती. ओसरीवर बसली, मी काकडी कापून पुढे ठेवली. "आत्ताच खाऊन आले" म्हणाली. सकाळी नऊला, रिक्षातून उतरून, आत्ताच खाऊन आली! जाताना मी पिशवी भरून दिली ती तिनं घेतली. प्रितमनं नंतर सांगितलं, पिशवी नाक्यावरच्या गुरांपुढे ओतली. विहीण माझी, आणि माझा माल गुरांना. हे तुझ्या खात्यावर.

पुढच्या पत्रात डोंगर नको. मला दोनच गोष्टी सांग. पाऱ्याचं आमच्या टाकीत काय काम? आणि ते तुकडे काकडीत चढतात हे तुझ्या थेंबावर दिसलं का, हो की नाही? तुझ्या बापाशी बोलताना गोल गोल बोलतेस तसं माझ्याशी बोलायचं नाही.

हौसा


खारबाव, १९ फेब्रुवारी

भाविका,

सापडलीस!

पहिल्या प्रश्नाला तू बरं उत्तर दिलंस, कबूल करते. हायड्रोपण रंगाला तेच देतं जे वीज देते, म्हणजे टाकीत तेच होतं, फक्त एका दमात आणि कोणाला न दिसता; पारा फक्त ते पायरी पायरीनं दाखवतो. ठीक. मला पटलं नाही, पण उत्तर उत्तरासारखं होतं.

दुसऱ्याला तू काय लिहिलंस? वैशालीला तेवढी ओळ तीनदा वाचायला लावली. "आजी, काकडीत किती चढतं ते पाऱ्यावर दिसत नाही. ते मला माहीत नाही." माहीत नाही! सवाष्णींच्या पानावर उभी राहिलीस तेव्हा माहीत होतं, आता माहीत नाही.

खाली आणखी एक ओळ होती, "माहीत नाही म्हणूनच खाऊ नका." तेवढा कागद मी मागे दुमडला, ती ओळ बायकांना वाचू दिली नाही.

हो, बोलावल्या मी बायका. चहा केला, आणि कमळाच्या हातात पत्र देऊन म्हटलं, "तुज्या डोळ्यानं वाच, माज्या सुनेवर भरवसा न्हाय ना तुला." कमळानं वाचलं. म्हणाली, "हौसामावशी, पोर तर म्हनते म्हाईत न्हाय." म्हटलं, "मंग? पानावरनं कोन उठलं व्हतं?" जाताना चार भेंड्या मागून नेल्या. खाल्ल्या की नाही ते मी बघायला गेले नाही, पण मागून नेल्या.

म्हणजे डोहाळजेवण माझ्या वाडीचंच होणार. वेल यंदा असे लागलेत की मांडव वाकलाय. त्या दिवशी काकडीची पानगी, भेंडी, शिराळ्याची भाजी, सगळं घरचं. तू नसशील. तुझ्या नावाचं पान मांडायचं का, असं तुझ्या आईनं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

मेघाली गुणाची. रोज दुपारी मी तिला काकडी सोलून देते, मीठ लावून. ती "आजी, खोलीत जाऊन खाते" म्हणते आणि वाटी घेऊन जाते. रिकामी वाटी आणून देते. तुझ्यासारखी मोठ्या माणसाला पाणी शिकवत नाही.

रामनाथचं मात्र पोट बिघडलंय. कधीपासून हिरवी भाजी चालत नाही म्हणतो. तुझी आई त्याला वेगळी बटाट्याची करते. डॉक्टरकडे जा म्हटलं तर "कशाला आये." तू एवढी शिकलेली, बापाच्या पोटाचं बघ आधी.

पत्र पाठवायची तसदी आता घेऊ नकोस. मी जिंकले.

हौसा


खारबाव, २ मार्च

भाविका,

हे पत्र मी शिव्या द्यायला सांगत होते. म्हणजे वेगळ्या शिव्या. त्या राहू दे.

काल जेवायला सगळे एकत्र बसलो. मेघालीला सकाळपासून काही जात नव्हतं, तोंडाला चव नाही म्हणत होती. मी कोशिंबीर वाढली, दही घातलेली. तिनं एक घास घेतला, आणि बघते तर पोरीच्या डोळ्यांत तकाकी आली. "आजी, अजून द्या ना." मी वाटी तिच्या ताटात उपडी केली. ती दुसरा घास उचलते तोच रामनाथनं हात घातला. सासऱ्यानं सुनेच्या ताटात हात घातला, भाविके! कोशिंबीर मुठीत उचलली आणि बाहेर फेकून आला.

मी म्हटलं, "काय रं, भूत लागलं का तुला?"

म्हणतो, "थंड पडल तिला, आये. पोटातल्याला सर्दी व्हईल."

"पोटातल्याला सर्दी? तू कंदीपास्नं सुईन झालास?"

प्रितम ताटात बघत होता. वैशाली तव्याकडे बघत होती, तव्यावर काही नव्हतं. मी रामनाथचं ताट बघितलं. भात, डाळ, बटाटा. मग वैशालीचं बघितलं. बटाटा. प्रितमचं, बटाटा. माझ्या ताटात भेंडी, काकडी, शिराळं.

आज लिहायला बसलो तेव्हा मी हे असंच सांगत होते, आणि मग विचारलं, "वैशाली, रामनाथचं पोट कधीपासून बिघडलंय गं?" तिनं पेन खाली ठेवलं.

म्हटलं, उचल. उचल आणि जे सांगशील तेपण लिही. भाविकाला कळू दे.

तर ती सांगते ते असं. पाइप टाकला त्याच उन्हाळ्यात मास्टरनं रामनाथला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सेठ, पानी साफ दिखता है, साफ है नहीं. घर में मत खाना." मला मिनरल वॉटर आणि सेठला हे. रामनाथनं घरी येऊन तिला सांगितलं, आणि वर सांगितलं की आयेला बोलू नकोस. आये पाइप काढ म्हणेल, मग पाणी परत नाल्यात सोडावं लागेल, मग लोक पुन्हा टाकीवर भांडायला येतील. वाडीत जिरतं ते बरं. म्हणजे माझी वाडी ही त्याची मोरी.

तेव्हापासून घरात भाजी बाजारातून येते. भिवंडीहून, पिठाच्या पिशवीत तळाशी, वरती पीठ. माझी भाजी शिजते ती माझ्यापुरती आणि पाहुण्यांपुढे. मेघालीची दुपारची काकडी तुझी आई परसात पुरायची आणि वाटी धुवून पोरीच्या हातात द्यायची. काल पोरीला खरंच खावंसं वाटलं म्हणून उघडं पडलं. नाहीतर डोहाळजेवणापर्यंत आणि पुढे मी मरेपर्यंत चाललं असतं.

म्हणजे या घरात ती काकडी खाणारी मी एकटी. आणि सवाष्णी. लक्ष्मीच्या गुरुवारची ती फोडणी देणारी कोण होती? आत्ता माझ्यासमोर बसून हे लिहिणारी.

ती रडते. रडू दे, कागद ओला करू नकोस म्हटलंय. "आई, मी भाविकाला फोनवर सांगितलं होतं, म्हणून तर ती पुडी घेऊन गेली तपासायला," असं म्हणते. म्हणजे तुलाही घरातूनच कळलं होतं. आणि तू बापाचं नाव न घेता पाऱ्याचं नाव पुढे केलंस. आईला वाचवायला डोंगर दाखवलेस मला. शाबास. सगळे एकमेकांना वाचवतायत, आणि म्हातारी काकडी खातेय.

बस झालं. अंगठा नाही उठवत आज.


खारबाव, ९ मार्च

भाविका,

अक्षर वेगळं दिसेल. हे मेघाली लिहितेय. तुझ्या आईकडून पेन काढून घेतलं. ही राहनाळला गोडाउनात हिशेबाला होती, भराभरा लिहिते, आणि माझं 'हाय' 'हाय'च ठेवते म्हणाली. बघू.

पहिलं सांगते. तू जिंकलीस असं समजू नकोस. तू खरं बोललीस की खोटं हा आपला तंटाच नाही. तू पानावर बोललीस. स्वैपाकघरात यायचं होतं, माझ्या हातातली पळी काढून घ्यायची होती, "आजे, हे वाढू नको" म्हणायचं होतं. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला असता, पण वाढलं नसतं. तुला माझ्यापेक्षा तुझा थेंब जवळचा वाटला. ते मी माफ करीत न्हाय. (बघ, लिहिलं हिनं.)

वाडी मी उपटली. सोमवारी सकाळी कोयता घेऊन गेले. आधी पाइप कापला, मग मांडव पाडला. वेल उपटताना काकड्या टपटप पडत होत्या, कोवळ्या, काटेरी, बघून जीव जावा अशा. एकपण कोणाला दिली नाही. गुरांनापण नाही. सगळं ओढत नेऊन डाईंगच्या फाटकात टाकलं, ट्रक आत जाईना. मास्टर धावत आला, "अम्मा, क्या हुआ?" मी म्हटलं, "मिनरल वॉटर की ककडी है, सेठ को खिला."

रामनाथ बाहेर आला. सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, "आये, घरी चल." मी म्हटलं, "घर कोनचा? जिथं मना येगला ताट वाढतात तो?" तो लहानपणी मार खाताना जसा उभा राहायचा तसा उभा राहिला. मला मारावंसं वाटलं नाही याचाच जास्त राग आला.

पाणी आता पुन्हा नाल्यात जातंय. नितळ. खाली बाळारामची गुरं पितात तिथे. मी बाळारामला सांगून आले. त्याला मास्टरचं बोलणं सांगितलं, तुझे ते दोन तुकडेपण सांगितले, अर्धे माझ्या पदरचे घालून. तो आणि वरच्या आळीतले उद्या टाकीवर येणार आहेत. रामनाथ म्हणतो, "आये, तू माझं डाईंग बंद पाडणार." मी म्हटलं, हा. जमीन माझी, टाकी माझ्या जमिनीत, आणि भांडण माझ्या घरात. उद्या मी बाळारामच्या बाजूला बसणार आहे. तेव्हा लाल पुडीचं तू जे काही तपासलंस ते सगळं नीट लिहून बाळारामच्या नावानं पाठव. डोंगरासकट. सोपं करून नको, तुझ्या प्रोफेसरला देतेस तसं. आम्हाला नाही कळलं तर ज्याला कळतं त्याच्याकडे जाऊ. आणि काकडीत चढतं की नाही ते माहीत नाही, हे पण त्यात लिही. खोटं एकपण नको. मला आता खोट्याची चव कळते.

तुझ्या आईशी मी बोलत नाही. बापाशी बोलत नाही. प्रितमशी फक्त रिक्षा बोलव एवढंच बोलते. तुला मात्र अजून पत्र घालते, याचा काय अर्थ घ्यायचा तो तुझ्या पडद्यावर बघ.

डोहाळजेवण तेवीस तारखेला. कमळाच्या घरून पाणी आणून भात शिजवणार, भाजी बायजाबाई आणणार राहनाळहून. माझ्या वाडीचं ताटात काही नसेल. या घरात पहिल्यांदा. मी वाढणार आहे तरी.

मेघाली इथे लिहायला लाजते, पण लिही गं. तिला आंबट खावंसं वाटतंय, कैरीनं भागत नाही. ती म्हणते, तुझ्या तिकडे आलुबुखार होतात, सुकवून ठेवतात. ती पाठव. साखर लावलेली नको, आंबटच पाहिजेत. रस्त्याकडेच्या झाडाची नकोत, कोणाच्या तरी बागेतली घे, आणि घेण्याआधी त्या माणसाला विचार, की झाडाला पाणी कुठलं घालतोस. नितळ असतं म्हणाला, तर दुसरीकडून घे.

हौसा